घरचं अमृत कोकम का फसफसतं आणि साखर कमी करायची ती कुठे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मे महिन्यात कुडाळहून मामांनी रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, पाठवले. ठाण्याला तुम्ही ते फोडून 2 किलो सालीला 2 किलो साखर घातली. बिया चोळून निघालेलं गराचं पाणी, साधारण अर्धा लिटर, वाया जाऊ नये म्हणून त्यातच ओतलं. आठवडाभर बरणी गॅलरीत ठेवून, गाळून बाटल्या भरल्या. तीन आठवड्यांत झाकणं फुगली, उघडताना फेस उसळला, आंबूस वास आला. मग त्यातल्या काही बाटल्यांतलं सिरप ॲल्युमिनियमच्या पातेल्यात अर्धा तास उकळलंत, तर रंग विटकरी झाला आणि चवही गेली. फ्रिजमधली एक बाटली अजून चांगली आहे. तर पुढच्या वर्षी सोडियम बेंझोएट, म्हणजे टिकवण्यासाठीची पावडर, किती घालायचं?

बेंझोएटचं प्रमाण सांगते, पण ते पुढे. तुमचं सिरप बिघडलं ते बेंझोएट नव्हतं म्हणून नाही. त्यात पाणी जास्त राहिलं होतं. मी सावंतवाडीकडे घरगुती अमृत कोकम (सालींना साखरेत सुटलेलं सिरप), आगळ (मिठात सुटलेला खारट रस) आणि सोलं (वाळवलेल्या साली) करून विकते. दर उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून जे फोन येतात त्यातले बरेचसे याच दुखण्याचे असतात. तब्येतीच्या विचाराने साखर निम्मी केलेली असते आणि ते भरून काढायला पावडर शोधणं चाललेलं असतं.

आधी हिशोब बघा, कारण तो एकदा डोक्यात बसला की कुठल्याही फळाचं सिरप करता येतं. रातांब्याच्या ताज्या सालीत 80 टक्क्यांहून थोडं जास्तच पाणी असतं. म्हणजे तुमच्या 2 किलो सालीत सव्वासोळाशे-सतराशे ग्रॅम पाणी. त्यात गराचं अर्धा लिटर. सगळं मिळून जवळजवळ सव्वादोन किलो पाण्यात 2 किलो साखर. साखरेचं प्रमाण 50 टक्क्यांच्याही खाली गेलं. एवढ्या गोडीत यीस्ट मजेत वाढतं. त्याला अन्नही मिळतं आणि पाणीही.

साखर 65 टक्क्यांच्या वर गेली की चित्र पालटतं. पाणी तेवढंच असलं तरी साखर ते इतकं धरून ठेवते की यीस्टला आणि बुरशीला ते वापरता येत नाही. उलट त्यांच्याच पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. आपल्याकडच्या अन्न सुरक्षेच्या नियमांत फळांच्या सिरपला किमान 65 टक्के विरघळलेला घनभाग लागतो तो उगाच नाही. स्क्वॉशला 40 टक्के पुरतात, पण तिथे राहिलेलं काम उष्णता आणि प्रिझर्वेटिव्ह दोघांनी मिळून करायचं असतं. तुम्ही केलंत ते मापाने स्क्वॉश होतं आणि ठेवलंत मात्र सिरपसारखं, बाहेर, महिनाभर.

आता आमच्याकडचं जुनं माप बघा. एक भाग साल, दोन भाग साखर. 1 किलो सालीत 800-850 ग्रॅम पाणी, वर 2 किलो साखर. सगळी विरघळली तर प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास येतं. आमच्या आज्यांकडे मोजायचं यंत्र नव्हतं, पण हे माप बरोबर त्या रेषेच्या वर बसतं. दीडपट साखर घातली तर जेमतेम 64-65. ते चालतं, पण काठावर चालतं. साल पातळ आणि पाणीदार निघाली, फळ धुऊन ओलंच राहिलं, की रेषेच्या खाली. म्हणून दुप्पटच घाला. आणि वजन सालीचं घ्यायचं, अख्ख्या फळाचं नाही. फळाच्या वजनात साल साधारण निम्मी भरते.

इथे झाडाझाडाचा फरक असतो हे मान्य करायला हवं. परसातली बहुतेक झाडं बियांपासून उगवलेली, त्यामुळे एकाची साल जाड, दुसऱ्याची कागदासारखी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता आणि कोकण हातीस या जातींची कलमं ज्यांनी लावली आहेत त्यांचं फळ बरंचसं एकसारखं येतं. तुमच्या मामांचं झाड कसं आहे ते मला माहीत नाही, म्हणून माप हातात ठेवून शेवटी मोजून बघणं बरं. घरी मोजायची सोपी युक्ती सांगते. गाळलेलं सिरप थंड झाल्यावर बरोबर 500 मिलिलिटर मोजून घ्या आणि भांड्याचं वजन वजा करून त्याचं वजन करा. 660 ग्रॅमच्या आसपास किंवा वर भरलं तर साखर 65 टक्क्यांपर्यंत आहे असं समजायला हरकत नाही. 630 भरलं तर ते 55 च्या घरात आहे. मीठ घातलेलं असेल तर वजन थोडं फसवतं, म्हणून मीठ घालायच्या आधी मोजा. विक्री करायची असेल तर ब्रिक्स, म्हणजे साखरेची टक्केवारी, मोजायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. घेताना बघून घ्या, कारण 0 ते 32 पर्यंतचाच स्वस्तात मिळतो आणि सिरपला त्याचा काही उपयोग नाही. 58 ते 90 मोजणारा हवा.

माप बरोबर असूनही बरणी फसफसते असंही होतं, आणि त्याचं कारण बरणीच्या तळाशी सापडतं. रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून थर रचले की पहिल्याच रात्री रस सुटायला लागतो. सकाळी बघाल तर वरची साखर लाल भिजलेली आणि सालींच्या वाट्या मऊ पडून खाली बसलेल्या. पण न विरघळलेली साखर तळाला जाऊन घट्ट बसते, दाट पाक खाली राहतो आणि पातळ रस वर तरंगतो. साखर बरणीत आहे, पण वरच्या रसात नाही. त्या वरच्या चार बोटांत साखर 30-40 टक्केच असू शकते आणि आंबायला तिथूनच सुरुवात होते. म्हणून पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ कोरड्या लाकडी पळीने तळापासून ढवळायचं. पळी तळाला करकरते आहे तोवर साखर शिल्लक आहे. करकर थांबली की मग दिवसातून एकदा पुरे. रचताना तळाला साखर कमी आणि वर जास्त ठेवली, सर्वांत वर बोटभर साखरेचा थर दिला, तर वरचा रसही पहिल्यापासून गोड राहतो. एकूण सात-आठ दिवसांत साली आक्रसून चामड्यासारख्या होतात. तेव्हा गाळायचं.

ढवळल्यावर फेस येतो तो बघून घाबरू नका. तो हवेचा असतो आणि अर्ध्या तासात बसतो. आंबण्याचा फेस वेगळा असतो. बरणी हलवलेली नसताना खालून बारीक बुडबुडे एकामागून एक वर येत राहतात आणि साली वर ढकलल्या जातात. हे दिसलं की त्याच दिवशी साखर वाढवायची. वाट बघायची नाही.

उन्हाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गॅलरीचा उल्लेख आहे म्हणून सांगते. ऊन दोन कामं करतं. साखर लवकर विरघळते, आणि तोंडाला झाकणाऐवजी सुती फडकं बांधलेलं असेल तर थोडं पाणीही उडून जातं. पण काचेच्या बरणीतून थेट ऊन लागलं तर लाल रंग फिका पडतो. कोकमाचा रंग हा अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचा, प्रकाश आणि उष्णता दोन्ही त्याला मानवत नाहीत. म्हणून चिनीमातीची बरणी, किंवा काचेची असेल तर भोवती जाड कापड. फ्लॅटमध्ये ऊन येत नसेल तर स्वयंपाकघरात ठेवा, एक-दोन दिवस जास्त लागतील इतकंच. उन्हात ठेवून वर घट्ट झाकण लावणं मात्र टाळा. दिवसा आतली वाफ झाकणाला जाऊन लागते, रात्री तिचे थेंब होऊन सिरपवर पडतात आणि वर साध्या पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. सिरप 70 टक्क्यांचं असलं तरी तो पापुद्रा 70 टक्क्यांचा नसतो. बाटलीच्या मानेशी पांढरी बुरशी धरते ती बहुतेक वेळा अशीच. गरम सिरप भरून लगेच झाकण लावलं आणि बाटली उलटी केली नाही, तरी हेच होतं.

फळाचीही एक गोष्ट आहे. रातांबा एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत येतो, आणि सिरपसाठी पहिल्या पावसाच्या आधीचा, झाडावरून काढलेला, गर्द लाल पण सालीला घट्ट असलेला घ्यायचा. खाली पडून फुटलेलं, मुंग्या लागलेलं फळ आमच्याकडेही सोलांना वापरतात, सिरपला नाही. तुमच्याकडे तो गाडीतून रात्रभर खोक्यात कोंडून येतो. आल्या आल्या पसरायचा, मऊ पडलेले बाजूला काढायचे, धुऊन पंच्यावर पंख्याखाली पूर्ण सुकवायचा आणि मगच फोडायचा. सुरी, पाट, हात, सगळं कोरडं. हे ऐकायला सोवळ्यासारखं वाटेल, पण एका किलोला शंभर ग्रॅम पाणी नकळत गेलं तरी साखर दोन-अडीच टक्क्यांनी उतरते.

गराचं पाणी वाया घालवावंसं वाटत नाही हे बरोबरच आहे. आमच्याकडेही कुणी टाकत नाही. पण त्याची जागा सिरपमध्ये नाही. बिया-गरात मीठ घालून चोळा, तो रस गाळा आणि सालींना त्याचीच पुटं देत उन्हात वाळवा, की सोलं होतात. किंवा थोड्या सालीला तिच्या वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकं मीठ घालून ठेवा, की आगळ सुटतं. बिया वाळवून ठेवल्या तर त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, निघतं, पण ते ठाण्याच्या घरात करायचं काम नाही. मामांकडे परत पाठवा.

आता उकळण्याचं. यीस्ट उकळून मरतं, पण त्याने आधीच तयार केलेला वास आणि चव राहते, म्हणून बिघडलेलं सिरप उकळून सुधारत नाही. चांगलं सिरप अर्धा तास उकळलं तरी रंग तांबूस-विटकरी होतो आणि ताज्या फळाचा वास उडतो. त्यात ॲल्युमिनियम. रातांबा इतका आंबट की तो धातूला खातो, चव तुरट-धातूसारखी लागते. लोखंड आणि बिनकल्हईचं पितळ त्याहून वाईट. रस करताना काच, चिनीमाती, नाहीतर चांगलं स्टील, तेही मीठ घातलेलं असेल तर दिवसेंदिवस भरून ठेवायला नको.

उष्णता द्यायचीच असेल, म्हणजे बाटल्या कुणाला भेट द्यायच्या असतील किंवा फ्रिजमध्ये जागा नसेल, तर ती बाटलीत भरून द्या. काचेच्या छोट्या, 200-250 मिलिलिटरच्या बाटल्या घ्या. धुऊन 10-15 मिनिटं पाण्यात उकळा आणि पूर्ण वाळवा. मानेशी दोन सेंटिमीटर जागा सोडून भरा, झाकण सैल ठेवा. मोठ्या पातेल्याच्या तळाला फडकं घालून त्यावर उभ्या करा आणि पाणी मानेपर्यंत घाला. पाणी 80 ते 85 अंशांवर 20-25 मिनिटं राहू द्या, खळाळून उकळू देऊ नका. मग झाकणं घट्ट करून बाटल्या आडव्या ठेवा, म्हणजे मान आणि झाकणाची आतली बाजूही गरम सिरपने धुतली जाईल. एवढ्याने रंग टिकतो. छोट्या बाटलीचा आग्रह यासाठी की सिरप बिघडतं ते बहुधा उघडल्यावर. लिटरची बाटली महिनाभर रोज उघडली जाते, ओला चमचा जातो, मुलं तोंड लावतात.

बेंझोएट. भारतात फळांच्या सिरपसाठी चालत आलेली मर्यादा किलोला 600 मिलिग्रॅमची, तीही बेंझोइक आम्लाच्या हिशोबाने. म्हणून घरी किलोला अर्धा ग्रॅम पावडर पुरे. चमचाभर कोमट पाण्यात विरघळवून सगळ्या सिरपमध्ये नीट ढवळायचं. अर्धा ग्रॅम मोजणारा काटा नसेल तर घालू नका. चिमटीचा अंदाज इथे चालत नाही. ते आंबट पदार्थात चांगलं काम करतं, त्यामुळे कोकमाला ते शोभतं. दुकानदार पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे दुसरं प्रिझर्वेटिव्ह देईल तर लाल-जांभळ्या सिरपांना ते घेऊ नका, कोकम, जांभूळ, करवंद, तुती यांचा रंग त्याने उतरतो. लिंबू, आंबा, अननसाला ते चालतं. पण 50 टक्के साखरेत आधीच आंबायला लागलेल्या रसाला बेंझोएट वाचवणार नाही, आणि 68-70 टक्के साखरेचं, कोरड्या हाताने भरलेलं, फ्रिजमध्ये ठेवलेलं सिरप त्याच्याशिवाय वर्षभर जातं. मी घरच्यासाठी घालत नाही. लांब पाठवायच्या मालात घालते आणि लेबलवर लिहिते.

जिरेपूड आणि मीठही बाटलीत घालायची घाई नको. जिरेपूड तळाला बसते, तिच्याबरोबर बुरशीचे कण येऊ शकतात, आणि महिन्याभरात तिचा ताजा वासही राहत नाही. सरबत करताना भाजलेलं जिरं चुरून घाला, चवीत फरक लगेच कळेल.

आता साखर. तुमच्या घरी मधुमेह आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तर निम्मी घातलीत. तुमचा हेतू मला पटतो, जागा पटत नाही. बाटलीतली साखर टिकण्यासाठी आहे. प्यायची साखर पेल्यात ठरवायची. 200 मिलिलिटरच्या पेल्यात 30 मिलिलिटर सिरप घातलं तर साधारण 27-28 ग्रॅम साखर पोटात जाते. त्याऐवजी सिरप 15 मिलिलिटर आणि वर चमचाभर आगळ घाला. साखर थेट निम्मी, आंबटपणा मात्र पूर्ण, आणि रंग तर आणखी गडद. आगळात मीठ असतं, म्हणून वरून मीठ घालायचं नाही. ज्यांना साखर अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी नुसतं आगळ, पाणी आणि जिरं. रक्तदाब असेल तर आगळ बेताने, किंवा दोन-तीन बिनमिठाची वाळवलेली कोकमं रात्री भिजत घालून ते पाणी. म्हणून माझा सल्ला, फळं आली की तीन वाटे सिरपला आणि एक वाटा आगळाला. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या की घरातला प्रत्येक जण आपापल्या मापाने करून घेतो.

ताजे रातांबे मिळालेच नाहीत तर सोलांचंही सिरप होतं. तिथे हिशोब उलटा करायचा, कारण पाणी आपण घालणार. सोलं गरम पाण्यात तीन-चार तास भिजवून, वाटून, गाळून जो रस निघेल त्याच्या प्रत्येक किलोला 1 किलो 850 ग्रॅम साखर. मंद आचेवर साखर विरघळून एक उकळी आली की उतरवा. रंग ताज्या फळाइतका उजळ येत नाही, चवीला खारट झाक असते, पण वर्षातून कधीही करता येतं. या मापावर फ्रिजमध्ये बाटलीच्या तळाला कधी खडे धरतात. थंडीत साखर कमी विरघळते, म्हणून. तो बिघाड नाही. बाटली कोमट पाण्यात धरली की पुन्हा विरघळतात.

करवंद, जांभूळ, आवळा या सगळ्यांना हेच साखरेचं गणित लागू आहे, फक्त रस काढायची रीत वेगळी. लिंबाला उष्णता देऊ नका, कडवट होतं. कैरी शिजवूनच घ्या.

उरलेल्या बाटल्यांचं काय ते आता. फुगलेल्या बाटल्या आधी फ्रिजमध्ये पूर्ण थंड करा. मग जाड कापडात गुंडाळून सिंकमध्ये, तोंड स्वतःपासून दूर धरून, झाकण हळूहळू सैल करा. काचेची बाटली दाबाने फुटू शकते, म्हणून मुलांना जवळ येऊ देऊ नका. ते सिरप ओतून टाका. बुरशी वरून काढून खालचं वापरायचा विचारही करू नका. उकळलेलंही टाका. फ्रिजमधली बाटली मात्र वाचेल. तिला वास नसेल, बुडबुडे नसतील, तर ते सिरप मोजा आणि दर किलोला 450 ग्रॅम साखर घालून स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच गरम करा. अर्धा किलो सिरप असेल तर सव्वादोनशे ग्रॅम. गरम असतानाच उकळून वाळवलेल्या बाटलीत भरा, थंड झालं की फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा.

गाळून उरलेल्या गोड साली टाकल्या नसतील तर त्या दोन दिवस उन्हात वाळवून बरणीत भरा. आमटीत चिंच-गुळाऐवजी दोन घातल्या की आंबट-गोड एकदम बसतं.